वाऱ्यात सावकाश बोलणारे युसूफचाचा

हलीमाचाचींचा फोन सकाळी आला. ‘तुझे चाचा गेले गो,’ एवढंच म्हणाल्या. मी सोसायटीच्या ऑफिसात होते आणि खरं सांगते, रडू येण्याआधी मला भीती वाटली. आता वारा सुटला तर दर्यातल्या माणसांशी बोलायचं कोणी? तिथल्याच एका ट्रॉलरवर माझा नवरा असतो.

देवगडच्या आमच्या मच्छीमार सोसायटीत युसूफचाचा वायरलेस सांभाळत, मी त्यांच्या हाताखाली. ट्रॉलरवरून खबर आवाजात नाही, पडद्यावर अक्षरांत येते. हवा स्वच्छ असली की मजकूर भराभर जातो. लाटा उसळून सिग्नल खालावला की यंत्र वेग उतरवतं, कारण सावकाश पाठवलेलं गोंगाटातही ओळखू येतं. चाचांनी त्यात आपला हट्ट घालून ठेवला होता... वेग उतरवायचा तर लगेच, चढवायचा तर दहा निरोप नीट पोचल्यावर. सगळे ‘चाचांची बैलगाडी’ म्हणून चिडवत. त्यात मीही असायचे. ते हसून म्हणत, ‘एकदा बरा ऐकू इला म्हणान दर्यार विश्वास ठेवतलंस?’

एका दुपारी वारा फिरला. बाकीचे ट्रॉलर बंदरात आले, माझ्या नवऱ्याचा आला नाही. मी निरोप पाठवला, उत्तर नाही. पुन्हा पाठवला. पुन्हा... माझी बोटं थांबत नव्हती. चाचांनी वेग अगदी तळाला नेला, एकच निरोप सोडला आणि माझ्यासमोरचा कीबोर्ड उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला.

‘चाचा, परत पाठवा!’

‘गप बस गो. आपण बोलत रवलंव तर आपणाक ऐकू येवचा नाय. तेंका बोलूक दी.’

खरंच, ते यंत्र एका वेळी एकच करतं, बोलतं नाहीतर ऐकतं. माझ्याच हाकांखाली नवऱ्याचं उत्तर दबत असेल, हे कळल्यावर मला जास्तच भीती वाटली. मग पडद्यावर एकेक अक्षर उमटू लागलं. ‘बरे आसंव.’ तेवढ्याला चहा निवेल इतका वेळ लागला. चाचा नुसते बसून होते, शांत. हा माणूस भीत कसा नाही, याचा मला तेव्हा रागच आला होता.

गेल्या आठवड्यात पुन्हा तसाच वारा, आणि खुर्चीत मी एकटी. वेग तळाला नेला, एक निरोप पाठवला आणि हात काढून घेतले. ती वाट पाहणं मी कुणा वैऱ्यालाही देणार नाही. उत्तर आलं, ट्रॉलर आले, आणि मी घरी न जाता चाचींकडे गेले. त्यांनी पाणी दिलं. पेला माझ्या हातात राहीना, अर्धं पाणी पदरावर सांडलं. चाचींनी पेला धरला.

‘ह्येंचेय हात असेच थरथरत,’ त्या म्हणाल्या. ‘तुझो घोव येय नाय होतो त्या दिवशी घराक इले, तेव्हा तेंच्यान लोटो धरवत नाय होतो. नमाजाआधी वजूक हातपाय धुवचा पाणी मीच घातलंय. माका म्हणाले, पोरगी माझ्या तोंडाकडे बघी होती, कसो भिऊ?’

मी खरंच त्यांच्या तोंडाकडे बघत होते. तिथे मला काहीच दिसलं नव्हतं.