थोरलीच्या वाट्याचं हत्यार

आबा गेले तेव्हा त्यांचं रिव्हॉल्व्हर घरात नव्हतं. निवडणुकीची आचारसंहिता लागली होती आणि दरवेळेसारखं त्यांनी ते पोलीस ठाण्यात जमा केलं होतं. निकाल लागले, गुलाल उधळून झाला, मग ठाण्यातून फोन आला की हत्यार घेऊन जा. फोन आईने घेतला. ती म्हणाली, "ज्यांचं हाय ते न्हाईत आता."

माझं माहेर पुनावळ्याचं. आजोबा गावचे पोलीस पाटील होते. रिव्हॉल्व्हर मूळ त्यांचं. गाव सोडून चाललेल्या एका लष्करी अधिकाऱ्याकडून त्यांनी ते रीतसर विकत घेतलं, असं आबा सांगायचे. आजोबांमागे आबांनी परवाना स्वतःच्या नावावर करून घेतला. ते दिवस जमिनींच्या सौद्यांचे होते. हायवेकडच्या वावरांसाठी दलाल दारात बसून असायचे, भाऊबंदकी पेटलेली. आबा सदऱ्याखाली कमरेला ते लावून बाहेर पडायचे. कोणावर रोखल्याचं मी कधी ऐकलं नाही. दसऱ्याला मात्र कोयता आणि ट्रॅक्टरची किल्ली यांच्याशेजारी ते पाटावर असायचं, आणि त्याला हळदकुंकू वाहताना आई अंग चोरून बसायची.

शेवटच्या आजारपणात आबांनी आम्हा दोघा भावंडांना समोर बसवून सांगितलं, "हत्यार थोरलीला." थोरली मी. दिघीला राहते, शाळेत गणित शिकवते. धाकटा भाऊ चाकणच्या कंपन्यांना बसगाड्या पुरवतो. त्याला वाटलं, आबा औषधाच्या गुंगीत बोलतायत. मलाही तसंच वाटलं. मी म्हणाले, मला काय करायचंय त्याचं?

"म्हणूनच," ते म्हणाले.

दिवसकार्य उरकल्यावर मी जमा केल्याची पावती घेऊन ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारांनी खुर्ची दिली आणि नीट समजावलं. परवाना माणसाचा असतो, वस्तूचा नाही. माणूस गेला की तो संपतो. आबा नुसतं म्हणाले म्हणून ते माझं होत नव्हतं. वारसांपैकी एकाने स्वतःच्या नावाने परवाना मागायचा, बाकीच्यांनी ना हरकत द्यायची, मग चौकशी आणि मंजुरी. नाहीतर परवानगी काढून परवानाधारक दुकानदाराला विकायचं. तोवर ते ठाण्यातच राहणार. परवान्याशिवाय घरी नेऊन ठेवलं, तर वडिलांची आठवण म्हणून का होईना, गुन्हाच.

पुढच्या रविवारी भाऊ दिघीला आला. कागद तयार करूनच आणला होता: परवाना तो मागणार, ना हरकत मी द्यायची. जमिनीच्या हक्कसोडीवर मी अशीच सही केली होती. तेव्हा न वाचता केली, मानाची साडी घेतली, जेवले आणि घरी आले. आमच्याकडे बहुतेक बहिणी तेच करतात. या वेळी मी चष्मा लावून वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

तो चिडला नाही, समजूत घालू लागला. चाकणहून यायला उशीर होतो, धंद्यात वाकडं बघणारे असतात. शिवाय आता लोक माणसाची गाडी बघतात तशी कमरही बघतात, असंही म्हणाला. मग म्हणाला, "ताई, आख्खी जमीन सोडलीस आन ह्याला आडतीस व्हय?"

"जमीन सोड असं आबांनी सांगितलं होतं. हे धर असंही त्यांनीच सांगितलंय."

तो चहा न घेता उठला. दोन आठवडे फोन नाही. शेवटी आईनेच दोघांना बोलावलं. ती लसूण सोलत बसली होती. आमचं दोघांचं ऐकून घेतलं आणि हातातलं काम न थांबवता म्हणाली, "इलेक्शन लागलं की मला झोप लागायची. हत्यार ठाण्यात जायचं नव्हं का? माघारी आलं की पुन्यांदा जागी. कपाटाची चावी कोन हुडकतंय का, कानोसा घेत पडायची. वाद तुमच्या बापाचं व्हतं, जाग माझी." थोड्या वेळाने म्हणाली, "एकदाच बोलले हुते ह्यांना. ध्यानात ठिवलं, म्हनून थोरलीला सांगितलं म्हनायचं."

निघताना भावाने विचारलं, विकायला काय काय लागतं. आईची आणि आमची दोघांची संमती लागत होती. तिघांनीही सह्या केल्या.

परवानगी यायला बरेच महिने गेले. ज्या दिवशी पुण्याचा दुकानदार ताबा घ्यायला ठाण्यात आला, त्या दिवशी भाऊच मला गाडीतून घेऊन गेला. दुकानदार वयस्कर, कमी बोलणारा. त्याने गोळ्यांची चक्री उघडून रिकामी असल्याची खात्री केली, नंबर परवान्याशी ताडून पाहिला, नळी उजेडाकडे धरली. बत्तीस बोअर, विलायती, नळी साफ. फारशा गोळ्या झाडलेल्या नाहीत, म्हणाला. बाहेरची हत्यारं आयात करणं कैक वर्षांपासून बंद आहे, त्यामुळे अशा जुन्या मालाला परवानेवाले शोधत येतात. मी त्याला लष्करी अधिकाऱ्याची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, फौजेचा बोअर वेगळा, तो साध्या परवान्यावर चालतच नाही. हे अधिकाऱ्याचं असेलही, पण त्याच्या खासगीतलं. आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा किंमत बरी आली. ती आईच्या खात्यावर जमा करायला सांगितली.

भावाने विचारलं, एकदा हातात घेऊ का. दुकानदाराने ठाण्याच्या साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी मान हलवली. भावाने ते दोन्ही तळव्यांवर घेतलं, वर उचललं नाही. लगेच परत दिलं. "जड हाय," एवढंच म्हणाला.

येताना काळेवाडी फाट्यावर गाड्या तुंबल्या होत्या. समोर बघतच तो म्हणाला, "ल्हानपनी मला त्याचं लई भ्या वाटायचं. हौस कवा झाली, कळलंच न्हाई."

मी विचारलं, सध्या किती गाड्या लागल्यात चाकणला. मग तो नव्या कंपनीच्या शिफ्टबद्दल सांगू लागला, पहाटेच्या फेरीला ड्रायव्हर टिकत नाहीत म्हणाला. बोलता बोलता दिघी आली. या वेळी तो चहाला वर आला.