रांगोळीत राहून गेलेली गल्ली

आधी भांडण, मग रामराम. हापशाच्या पाण्यानं आमच्या गल्लीतली शाळकरी पोर गेली, अन् शहरातल्या भिंतीवरच्या नकाशात आमची गल्लीच नाय! मी अजून हादरलेलीच हाय. आता रामराम. गावाच्या आरोग्याच्या बैठकीला बजाजनगरला जायचं असंल, तर पुढचं वाचा.

मी अन् शेजारीण रशिदाबी सकाळी निघालो. लासूर स्टेशनावरून एसटी धरली. बायांना अर्धं तिकीट हाय, पण त्यात बसायला जागा मिळंल असं समजू नका. रस्ता बरा झालाय, गतिरोधक मात्र कंबर मोडतात. पाणी घरनं उकळून नेलं. मागच्या महिन्यात माझ्या नातीला जुलाब लागले अन् मी तिला घेऊन शहरातल्या दवाखान्यात होते. ती वाचली. समोरच्या मंदाची पोर त्याच आठवड्यात गेली.

शहरात छावणीच्या थांब्यावर उतरलो. तिथं चहा-खारी घ्याच. खारी बुडवून लगेच तोंडात घालायची, नायतर कपातच राहते.

"अम्मा, बैठक में झगडा नक्को करो," रशिदाबी म्हणाली.

"मी कवा भांडले?"

"अब्बी. कंडक्टर से."

तिथून बजाजनगरला शेअर रिक्षा. हॉलचं नाव नीट सांगा, नायतर कारखान्याच्या गेटावर उतरवतात. आम्हाला उतरवलंच.

हॉलात दवाखान्याची माणसं, नळांचा खर्च देणाऱ्या एका कारखान्याची माणसं अन् गावोगावच्या बाया. शुद्ध पाण्याचे नळ कोणत्या गल्लीत आधी, ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं होतं. नकाशे बायांनीच काढलेले. गावाच्या पटांगणात रांगोळीनं घरं काढायची, आजारी घरावर कुंकवाचा ठिपका. त्याचे फोटो मोठे करून भिंतीला लावलेले. आमच्या गावात काढला तवा मी नातीपाशी दवाखान्यात, अन् रशिदाबी शेतात.

मी माझं घर शोधलं. देऊळ होतं, शाळा होती. पुढं नुसती माती. नकाशापाशी दवाखान्याच्या मॅडम उभ्या होत्या.

"मॅडम, हिथं काय हाय?"

"आजी, ती मोकळी जागा ना? तिथं गावाचा कचऱ्याचा खड्डा धरलाय."

खड्डा! माझ्या चुलीवर!

आमची सरपंचबाई नवऱ्याशेजारी बसली होती. पदर सावरत हळूच म्हणाली, "काकू, मंदाच्या घरी सुतक होतं. सुतकातल्या घराला रांगोळी कशी घालावी?"

"मेरे घर में कौनसा सुतक था?" रशिदाबी ताडकन उठली. मला भांडू नको म्हणणारी हीच.

"तुमचं घर मंदाच्या मागं. तिचं घर गल्लीच्या तोंडाशीच. तेच सोडलं, मग मागची गल्ली कुठून काढायची, मामी?"

रांगोळी काढताना मी असते तर माझाही हात आखडला असता. सुतकात रांगोळी नाय, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाय. पण जिथं पोर मेली तिथंच ठिपका नाय, म्हणून नकाशावर पहिला नळ निघाला गावच्या पाण्याच्या टाकीपाशी, जिथलं पाणी आधीच बरं. कुणाच्या मनात पाप नव्हतं, हेच जास्त भ्या वाटण्यासारखं.

मॅडमनी पेन उघडलं. "आज बदलू. फक्त सरपंचांनी सांगावं, पहिला नळ कुठं?"

सरपंचबाईनं तोंड उघडलं. नवरा म्हणाला, "बघू मॅडम, गावात विचारून कळवतो." त्याचं घर टाकीपाशी हाय. मॅडमनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली.

परतीची एसटी उभ्यानं. घरी आले तर मंदा हापशावर हंडा भरत होती. उकळायला सरपण कुठून आणू, म्हणाली. खारीची चव कवाच गेली. तो हंडा डोळ्यांपुढून हलत नाय.

गावातली पोरं हे वाचतात. घरी वाचून दाखवा. शुक्रवारी हापशापाशी जमायचं, मॅडमना तिथंच बोलावलंय. उत्तर सरपंचबाईनंच द्यायचं, मंदाच्या डोळ्यांत बघून. तिच्या नवऱ्यानं तोंड उघडायचं नाय.