दर्भाचा कावळा

आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दहाव्याला कावळा शिवत नव्हता. का शिवत नव्हता हे नदीवर जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणायचं मात्र कुणालाच नव्हतं.

मी पाचगणीच्या एका निवासी शाळेत शिकवते. मुलांना जगातले मोठे धर्म समजावून सांगायचं काम माझ्याकडं आहे. कुणाचा देव एक, कुणाचे अनेक. कोण दिवसातून पाचदा नमाज पढतं, कोण रविवारी प्रार्थनेला जमतं. कोण पुनर्जन्म मानतं, कोण कयामतीची वाट बघतं. कोण जाळतं, कोण पुरतं. मुलं त्याचा तक्ता करतात आणि रंगीत पेनांनी चौकोन आखतात. आमचं गाव तासगावच्या बाजूला, आणि आण्णांचा एक पाय जन्मभर त्या चौकोनाबाहेर होता.

आजीला मूल जगत नव्हतं, म्हणून तिनं गावच्या पिराला नवस केला आणि आण्णा झाले. तेव्हापासून दर गुरुवारी पिरापुढं ऊद जाळायचा मान आमच्या घराकडं आला. सकाळी मारुतीला तेल, संध्याकाळी पिराला ऊद, यात आण्णांना कधी काही वावगं वाटलं नाही. पिराची देखभाल गावातल्या मुजावर चाचांकडं. चाचा आणि आण्णा बरोबरीचे, एकाच पुडीतली तंबाखू खाणारे. चाची गेली तेव्हा आण्णांनी तिच्यावर तीन मुठी माती टाकली होती आणि घरी येऊन आंघोळ करून जेवायला बसले होते.

मग गावातल्या पोरांनी ठरवलं, आपल्या माणसानं पिराकडं जायचं नाही. आण्णांनी त्यांना शिव्या घातल्या आणि पाय चालत होते तोवर जातच राहिले. अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी आम्हा दोघा भावंडांना जवळ बसवून सांगितलं, "माज्या मागं ऊद बंद पडू दिऊ नका. दुसरं कायबी मागत न्हाई." भावानं मान हलवली. पण आण्णा गेले त्या दिवशी चाचा खांदा द्यायला पुढं आले, तर पोरांनी त्यांना बाजूला सारलं आणि भाऊ खाली बघत राहिला. मला इतका संताप आला की मी रडायची थांबले.

तर दहावा. नदीला पाणी नावाला होतं. पिंड मांडले, शेजारी भजी, चहा, तंबाखूची पुडी. कावळे बाभळीवर बसून होते. एक खाली उतरला, पिंडाजवळ दोन उड्या मारल्या आणि परत वर गेला. मग नेहमीचं सुरू झालं. भाऊ मुंडण केलेलं डोकं उघडं टाकून उभा होता. तो हात जोडून म्हणाला, "आईला नीट संभाळतो." कावळा हलला नाही. "बागेकडं ध्यान देतो." नाही. "आक्काचं माहेर तोडणार न्हाई." तरीही नाही. चुलते, भावकी, जो तो एकेक वचन सुचवायला लागला. धाकटी चुलती तर म्हणाली, "भज्यात मीठ कमी असंल." लोक हसले. मलाही हसू आलं आणि लगेच स्वतःची शिसारी आली.

मी मोठ्यानं म्हणाले, "आण्णा, तुमचा ऊद चालू ऱ्हाईल."

पोरं मोबाईल घेऊन उभी होती, त्यांतल्या एकानं तो माझ्याकडं वळवला. भटजी हळूच म्हणाले, "मुलानं म्हणावं लागतं, ताई." मी भावाकडं पाहिलं. त्यानं मला दंडाला धरून बाजूला नेलं.

"म्हण की रं," मी म्हणाले. "येवढंच मागितलं हुतं त्यांनी."

"मला ठाव न्हाई व्हय?" त्याचे डोळे भरून आले होते. "तू उद्या गाडीत बसून जाशील, आक्का. मला हितंच ऱ्हायाचं हाय. माज्या पोरांनाबी."

मी दंड सोडवून घेतला आणि परत बायकांत जाऊन उभी राहिले.

ऊन चढलं. लोक घड्याळं बघायला लागले. शेवटी भटजींनी दर्भ घेतला, दुमडला, गाठ मारली आणि त्याचा कावळा केला. जिवंत कावळा येत नाही तेव्हा असंच करतात. शास्त्रात त्याची सोय आहे. भावानं तो गवताचा कावळा पिंडाला टेकवला. "शिवला, शिवला," म्हणत लोक पटापट उठले आणि झाडाखाली जेवायची पानं मांडली गेली.

चाचा वर रस्त्याच्या कडेला उभे होते. खाली यायचं नाही असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण सांगायची गरजही उरली नव्हती. मी चढून त्यांच्याकडं गेले.

"शिवला का गं?" त्यांनी विचारलं. त्यांना आता लांबचं दिसत नाही.

खोटं बोलायचं मनात आलं होतं. तोंडातून निघालं, "दर्भाचा केला, चाचा."

ते मटकन दगडावर बसले. गावातले कितीतरी दहावे त्यांनी पाहिले होते, दर्भाचा कावळा म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागलं नाही.

"मी लावला आस्ता गं ऊद," ते म्हणाले. "पर मान तुमच्या घरचा. माज्या हातचा पिराला चालत न्हाई." आणि ते रडायला लागले. "अडाकला गं माजा गडी. अडाकला."

चाचांच्या धर्मात मेलेल्याला कावळा लागत नाही. माती द्यायची, दुवा मागायची, पुढचं अल्लाकडं. मी हे मुलांना दरवर्षी शिकवते. खाली पंगतीत आमची माणसं आणखी एक जिलबी वाढून घेत होती.