तिथे नापास करतात

“मेलेल्या माणसाला नापास करताय तुम्ही! माणुसकी म्हणून काही आहे की नाही?” आप्पा ओरडत होते. आप्पांचं ओरडणं ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांना सांगतो, ते भाईंदरच्या इंद्रलोकमधल्या आपल्या गॅलरीतून टँकरवाल्याशी फोनवर बोलले की घोडबंदरच्या खाडीतले बगळे उठून वसईला जातात. समोर डिमेलो मॅडम खडूने पांढरी झालेली बोटं रुमालाला पुसत बसल्या होत्या. आप्पांच्या मागे मान खाली घालून दिलीप, म्हणजे माझ्या मावसबहिणीचा, माधूचा नवरा, आणि दिलीपच्या मागे मी. माधूला जाऊन तीनेक आठवडे झाले होते, आणि आप्पा, तिचे थोरले दीर, तिचं सर्टिफिकेट मागायला आले होते. पदवीनंतरचं, कॉम्प्युटर सायन्स आणि आयटीचं. सगळे विषय सुटले होते, एक राहिला होता. तेवढा एक कॉलेजने माफ करावा असं आप्पांचं म्हणणं. भिंतीवरच्या तिच्या फोटोखाली सर्टिफिकेट लावायचं होतं, त्या जागेचं मापसुद्धा ते घेऊन आले होते, सुतळीला गाठी मारून. बोलता बोलता त्यांनी ती सुतळी खिशातून काढून मॅडमच्या टेबलावर ठेवली, आणि मला शिसारी आली. त्या दिवशी आली ती अजून उतरलेली नाही. आलं चघळून झालं, कोकमाचा आगळ झाला, बायकोने तर दृष्टही काढली. नाही उतरत.

बातमी आली तेव्हा मी गोडदेव नाक्यावर दुधी घेत होतो. दिलीपचा फोन. “दादा, माधू लॅबमध्ये खुर्चीतच गेली.” मी विचारलं, कुठे गेली? खरंच विचारलं. माणूस अशा वेळी काहीही विचारतो… मेंदूत रक्तस्राव झाला असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं. दुधी तिथेच राहिला, त्या भाजीवालीने तो दुसऱ्या दिवशी घरी आणून दिला.

माधू नाक्याजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटरवर बसायची. अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेली, लग्न करून गिरगावातून इकडे आलेली. “उपाशीपोटी आलात का?” हा प्रश्न तिने इतक्या लोकांना विचारला होता की अर्ध्या भाईंदर पूर्वेला आजही भूक लागली की तीच आठवत असणार. लॅबमध्ये रिपोर्टसाठी नवीन सॉफ्टवेअर आलं, त्याच्यासोबत ते शिकवायला एक टाय लावलेला माणूस आला. हिने त्याला विचारलं, हे बटण दाबल्यावर आत नक्की काय होतं? तो हसला आणि म्हणाला, “मॅडम, आप सिर्फ क्लिक करो, समझने का टेन्शन मत लो.” संध्याकाळी माधू तडक माझ्या घरी. चहा समोर तसाच गार होतोय आणि ही म्हणतेय, “दादा, समजून घेऊ नका म्हणाला. वर हसला.” मी म्हटलं, अगं, मी तीस वर्षं लिफ्टने जातोय, वर कोण ओढतं मला माहीत नाही. ती हसली नाही. माधू हसली नाही म्हणजे प्रकरण गंभीर. एरवी ती माझ्या थापांना माझ्याआधी हसायची.

आठवड्याभरात तिने जाहीर केलं की ती शिकणार. नोकरी सांभाळून संध्याकाळचे वर्ग, कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, पोटाला धक्का न लावता पाया पक्का करणारं काहीतरी. दिलीप बरं म्हणाला. दिलीप आयुष्यभर बरंच म्हणत आलाय. पण आता कोर्स निवडायचा, आणि आप्पांच्या घराण्यात निवडायचं म्हणजे बघायला जायचं. ही मंडळी मूळ संगमेश्वरकडची. मुलगी बघायला जातात तसे ती फ्रिज बघायला जातात, दाताचा डॉक्टर बघायला जातात, एकदा तर एक पंखा बघायला सात जण गेले आणि पंखा त्यांना घाबरून उलटा फिरला. तर माधूच्या कोर्सलाही आम्ही बघायला निघालो. आप्पा, त्यांची बायको, दिलीप, खुद्द माधू, आणि मामाच्या जागी मी, कारण मामाशिवाय बघायला जात नाहीत. आप्पांच्या गाडीत मागे माझ्या मांडीवर पेढ्यांचा बॉक्स होता. ठरलंच तर असावा म्हणून.

पहिलं स्थळ मीरा रोडचं. पाय ठेवला आणि वाटलं चुकून साड्यांच्या दुकानात आलो. एसी असा की आप्पांच्या मिशीवर दहिवर पडलं. अत्तराचा वास असा की पुढे महिनाभर माझ्या शर्टामागे मधमाश्या येत होत्या. भिंतभर हसऱ्या पोरांचे फोटो, सगळी एकाच दंतमंजनाची असावीत अशी. सोफा, कोल्ड कॉफी, बिस्किटं. काउन्सिलर नावाचा एक गुळगुळीत इसम हात जोडून आला, आणि आप्पांनी पहिला प्रश्न टाकला, मूळचे कुठले? तो म्हणाला नालासोपाऱ्याचा. आप्पा म्हणाले, तसं नव्हे, मूळ. तेही समाधानकारक निघालं. माधूने विचारलं, काय काय शिकवता? त्याने गुळगुळीत कागदावरची रंगीत वर्तुळं दाखवली. तिने विचारलं, आणि एखादा विषय नाही जमला तर? तेव्हा तो इसम असा हसला की मला सॉफ्टवेअरवाला आठवला. “मॅम, आपल्याकडे फेल हा कन्सेप्टच नाहीये.” आप्पांनी माझ्याकडे बघून मान हलवली. स्थळ पसंत. मी पेढ्यांचा बॉक्स दोन्ही हातांनी दाबून धरला.

दुसरं स्थळ घोडबंदरकडे जाताना लागणारं, एका जुन्या कॉलेजचा संध्याकाळचा विभाग. बाहेर एक बाक, त्यावर आम्ही पाच जण कोंबलेले, वर एक पंखा, फिरतोय की नुसती चौकशी करतोय कळेना. डिमेलो मॅडम आल्या. उत्तनच्या, बुटक्या, केसांचा घट्ट अंबाडा. प्रवेश कोणाला घ्यायचाय म्हणाल्या. सगळ्यांनी माधूकडे बोट केलं. मग बाकीचे बाहेर थांबा, म्हणाल्या. आप्पांना जन्मात कोणी बाहेर थांबा म्हटलं नव्हतं, बायकोच्या डिलिव्हरीच्या वेळी नर्ससुद्धा बिचकली होती. आत माधूची परीक्षा चालू झाली आणि बाहेर आप्पांची. “मुलाकडच्यांची परीक्षा घेतात का कधी?” असं ते मला तीन वेगवेगळ्या स्वरांत म्हणाले. तासाभराने माधू बाहेर आली, चेहरा लालबुंद, आणि मागून मॅडम. मॅडम म्हणाल्या, तर्क ठीक आहे, गणित कच्चं आहे, आधी गणिताचा वर्ग करावा लागेल, तो सुटला तर मुख्य कोर्सचं बघू. आप्पा उठले. “कळवतो,” म्हणाले. तोच तो आवाज, ज्यात या घराण्याने आजवर किती मुली नाकारल्या असतील देव जाणे. गाडीत बसल्यावर म्हणाले, पाणीसुद्धा विचारलं नाही.

रात्रीच्या जेवणाला आप्पांनी निकाल सांगितला, मीरा रोड. त्या गुळगुळीत इसमाला त्यांनी फोनवर पसंती कळवूनही टाकली होती. माधू आमटी वाढत होती. वाढता वाढता, आमटीत मीठ कमी आहे का विचारावं तसं म्हणाली, “मी त्या दुसऱ्या ठिकाणी जाणार आहे.”

“का?”

“तिथे नापास करतात.”

आप्पांना वाटलं हिला ताप आहे. त्यांच्या बायकोने खरंच कपाळाला हात लावून पाहिला. मला सोडायला ती जिन्यापर्यंत आली तेव्हा नीट बोलली. “दादा, मला कोणी कधी नापासच केलं नाही रे. शाळेत बाई म्हणायच्या, छान छान, बस खाली. इथे पोळ्या कच्च्या राहिल्या तरी छान. लॅबमध्ये छान. मला काय येतं आणि काय येत नाही, हे मला अजून कोणी सांगितलेलंच नाही. त्या बाईंनी आज सांगितलं, गणित कच्चं आहे. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू…” पैठणी मिळाल्यासारखा चेहरा होता तिचा. कच्च्या गणिताने इतकं फुललेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

मग ती मागे लागली त्या गणिताच्या. संध्याकाळी लॅबमधून सुटली की माझ्या स्कूटरवर मागे बसून कॉलेजला. वाटेत एक खड्डा होता, त्यात एकदा एक रिक्षा उतरली ती अजून वर आलेली नाही, आतून अधूनमधून मीटर पडल्याचा आवाज येतो. त्या खड्ड्यातून जातानाही ही माझ्या पाठीवर बोटाने काहीतरी काढत असायची. मी विचारलं, काय करतेस? म्हणाली, झाड काढतेय, उलटं, मूळ वर आणि फांद्या खाली, त्यात आकडे कसे शोधायचे ते. माझ्या पाठीवर त्या दीडेक वर्षात इतकी झाडं लागली असतील की वनखात्याने नोंद घ्यायला हवी होती. पुढे कधीतरी लॅबमधल्या त्याच सॉफ्टवेअरचं बटण दाबून ती मला म्हणाली, “आता कळतं आत काय होतं. सगळं नाही. पण बरंचसं.” बाहेर लघवीची बाटली हातात धरून एक आजोबा ताटकळले होते आणि ही राणीसारखी खुर्चीत बसली होती.

प्रोग्रॅमिंगच्या पेपरात मात्र ती पहिल्या खेपेला नापास झाली, आणि त्या संध्याकाळी गरम जिलेबी घेऊन माझ्या दारात उभी. बायको म्हणाली, अहो, पास झाली वाटतं. माधू म्हणाली, नापास, पण जेवढे मिळाले तेवढे सगळे माझे आहेत. आम्ही जिलेबी खाल्ली. दुसऱ्या खेपेला पास झाली तेव्हा काही आणलं नाही. विसरली. पुढच्या विषयाला लागली होती… सगळ्यात अवघड विषय तिने शेवटी ठेवला होता. हे उलट्या झाडांचंच मोठं प्रकरण. घरातले म्हणत होते, कशाला, एवढं झालं ते पुरे की. ती म्हणायची, एक राहिला म्हणजे सगळंच राहिलं.

आणि ती गेली.

आता शिसारीचं मूळ सांगतो. तिसऱ्या दिवशी नाक्यावर फ्लेक्स लागला. ‘सुप्रसिद्ध संगणकतज्ज्ञ’ यांना भावपूर्ण श्रद्धांजली. माधू कोपऱ्यात पासपोर्ट फोटोएवढी, आणि शोकाकुल म्हणून वॉर्डातले जे चेहरे छापले होते ते एवढे मोठे की एकेका नाकपुडीत माधू दोनदा मावली असती. सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. ज्यांनी जिन्यात तिला अडवून, या वयात काय हा डोक्याला ताप, असं विचारलं होतं, ते माईकवर म्हणाले, आम्हीच त्यांना प्रोत्साहन दिलं. एक बाई म्हणाल्या, कॉम्प्युटरमध्ये त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. छान छान, बस खाली… ते संपतंय तोच मागच्या दाराने अत्तराचा वास आला आणि त्याच्या पाठोपाठ तो मीरा रोडचा गुळगुळीत इसम, पांढऱ्या शर्टात. आप्पांनीच बोलावला होता. त्याने चकचकीत कागदात गुंडाळलेलं एक मानद सर्टिफिकेट दिलीपच्या हातात दिलं. सोनेरी काठ, लाल लाखेचा शिक्का, माधूचं नाव, वर ‘विशेष प्रावीण्यासह’. ज्या दारातून ती एकदाच आत गेली आणि परत फिरली, त्या दाराने तिला ती मेल्यावर पास केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत. निघताना तो खुर्च्यांमधून फिरून आपली माहितीपत्रकं वाटत गेला, माझ्याही हातात एक आलं. मी बाहेर जाऊन गटाराशी उभा राहिलो. दुपारचा वरणभात थोडक्यात राहिला.

त्या सोनेरी कागदाने आप्पांची भूक खवळली. एक मिळालं तर दुसरंही मिळेल, दोन बाजूंना दोन, मध्ये फोटो, शोभा येईल. म्हणून ते दिलीपला आणि मला घेऊन डिमेलो मॅडमकडे आले, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. मॅडमनी त्यांना संपूर्ण ओरडू दिलं. मग म्हणाल्या, जे विषय सुटलेत त्यांचे मार्क लिहून देते, सर्टिफिकेट देता येणार नाही. आप्पांनी शेवटचा पत्ता टाकला. त्या मीरा रोडवाल्यांनी दिलं, तुम्हाला काय होतंय? मॅडमनी पेन काढून मार्क लिहायला घेतले. तेव्हा दिलीप बोलला. लग्नापासून मी त्याला थोरल्या भावासमोर बरं सोडून काही बोलताना ऐकलेलं नव्हतं. तो म्हणाला, “आप्पा, चला. तिला नको होतं तसलं.” आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं, टेबलावरची सुतळी उचलली, आणि ते जिना उतरले. दिलीप त्यांच्यामागे गेला.

मी मागे राहिलो. मॅडमना वर्गावर जायचं होतं, मी त्यांच्याबरोबर दारापर्यंत चालत गेलो. वर्ग भरला होता. फळ्यावर तेच उलटं झाड, मूळ वर, फांद्या खाली. माधू बसायची तो खिडकीजवळचा बाक कुठला, हे मला माहीत होतं. त्यावर दुसरीच कोणी बाई बसली होती, पेनचं टोपण चावत फळ्याकडे बघत होती. माझ्या पाठीवर काहीतरी हुळहुळलं… मी आयुष्यभर थापा मारत आलोय, समोरच्याने मारली तरी मला चालते, त्या क्षणी तर एखादी मोठी, गोड थाप ऐकायला मी कान उघडून उभा होतो. मी विचारलं, मॅडम, हा शेवटचा पेपर तिने दिला असता, तर ती पास झाली असती ना?

मॅडमनी दाराशेजारच्या टेबलावरचा खडू उचलला.

“सांगता येत नाही,” त्या म्हणाल्या. “त्यात अर्धा वर्ग नापास होतो.”