शेवटच्या रिळात उठायचं नाही

या सदरात येणारे अनुभव मी नेमाने वाचतो आणि मनातल्या मनात त्यांना उत्तरंही देत असतो. वाऱ्याने दार लागलं असेल... अंगात ताप असेल... अर्धवट झोपेत पाहिलं असेल. कॉलेजच्या ग्रंथालयात माझी सगळी नोकरी गेली. आलेलं पुस्तक कुठल्या कपाटात जाणार हे ठरल्याशिवाय मला चैन पडत नसे. आज जे लिहितो आहे त्याला मात्र इतक्या वर्षांत कपाट सापडलेलं नाही. भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आणि आता आहे असंही म्हणवत नाही.

सत्तरच्या दशकाची अखेर. मी आणि माझी पत्नी नलिनी, आम्ही दोघंच नागपुरात प्रताप नगरला राहत होतो. लहानपणी आलेल्या एका तापाने तिच्या हृदयाची झडप कायमची बिघडली होती. घरातल्या घरात ती सगळं करायची, पण जिने चढायला डॉक्टरांची सक्त मनाई होती.

घरापासून सायकलने दहा मिनिटांवर एक शाळा होती. तिच्या दुसऱ्या मजल्यावर चित्रकलेचा वर्ग, खिडक्यांना जाड काळे पडदे. महिन्यातून दोन रविवारी, दुपारी तीनला, आम्ही आठ-दहा जण तिथे जमून जुने गुप्तहेरी सिनेमे पाहायचो. भाड्याची प्रिंट आणि एकच प्रोजेक्टर, त्यामुळे एक रीळ संपलं की दिवा लावून दुसरं चढवायचं. हे काम भीमरावकडे. तो खापरखेड्याहून बसने यायचा, आणि परतीच्या बसला वेळ असला तर आमच्याकडे जेवून जायचा. नलिनीला तो ताई म्हणायचा.

क्लब काढला होता देशकर मास्तरांनी, आणि नियमही त्यांचेच. ज्याने सिनेमा आधी पाहिला असेल त्याने आमच्यात बसायचं नाही. पडद्याच्या बाजूला एक खुर्ची आमच्याकडे तोंड करून ठेवलेली असे, त्याने तिच्यात बसायचं. म्हणजे शेजाऱ्याच्या कानात खुन्याचं नाव पुटपुटायची सोयच नाही! बिचारा दोन तास आमची तोंडं पाहत बसायचा. दुसरा नियम त्याहून कडक — शेवटच्या रिळात कोणी उठायचं नाही. एकदा एक जण खोकला आला म्हणून उठला, तर मास्तर अंधारातून ओरडले, "शेवटच्या रिळात उठला तो खुनी! धरा रे त्याला!"

नलिनीला दोन मजले चढणं शक्य नव्हतं. म्हणून रात्रीच्या जेवणाला मी तिला सिनेमा सांगायचो, शेवटचं रीळ सोडून. मग ती खुनी ओळखायची. सिनेमा न पाहता ती आमच्या सगळ्या क्लबपेक्षा जास्त वेळा बरोबर यायची.

"तुला कळतं तरी कसं?" मी एकदा विचारलं.

"सिनेमा कोण पाहतं? मी तुम्हाला पाहते. त्या माळ्याचं नाव इतकं घाईघाईत काहून घेतलं? म्हणजे तोच."

"पुढच्या वेळी सगळ्यांचीच नावं घाईत घेईन."

"जमायचं नाही तुम्हाला. चेहरा लपवता येत नाही अन् म्हणे गुप्तहेर!"

तो रविवार फेब्रुवारीतला. सकाळी ती न्हायली होती आणि केस वाळवत पलंगावर टेकून बसली होती. जरा धाप लागल्यासारखी वाटली. "आज राहू दे, नाही जात," मी म्हटलं. "जा हो," ती म्हणाली, "नाहीतर रात्री मला सांगणार काय?" शेजारच्या मेश्रामकाकूंना लक्ष ठेवायला सांगून दुपारी मी निघालो.

त्या दिवशीचा सिनेमा कोणीच पाहिलेला नव्हता. ती खुर्ची रिकामी होती, म्हणून माझी पुस्तकांची पिशवी मी तिच्यावर ठेवली. दुसरं रीळ संपलं. दिवा लागला, मास्तरांनी घड्याळ पाहिलं, सव्वाचार. भीमरावने शेवटचं रीळ चढवलं आणि दिवा घालवला.

पाचएक मिनिटांनी पडद्यावर एक उजळ दृश्य आलं. बर्फ पडलेलं मैदान. त्या उजेडात मला खुर्चीत नलिनी दिसली.

अस्पष्ट नाही... धूसर नाही. घरची निळी साडी, केस मोकळे, हात मांडीवर. माझ्याकडे पाहत होती. बाकीच्यांकडे नाही, फक्त माझ्याकडे.

आता खरं तेच लिहितो. मला भीती वाटली नाही, आनंद झाला. आली शेवटी! मग लगेच राग आला, की डॉक्टरांनी इतकं सांगून ही जिने चढली. आणि तिसरा विचार तर असा आला, की त्याची आज लाज वाटते. ही त्या खुर्चीत बसली, म्हणजे हिला खुनी कळलाय. मला चिडवायला आलीय! मनातल्या मनात मी हसलोसुद्धा. केस मोकळे सोडून ती कधी फाटकाबाहेरही जात नसे, हे मला माहीत होतं. ती खुर्चीत बसली तर माझी पिशवी कुठे गेली, एवढंही मनात आलं नाही. संपल्यावर बोलू, असं म्हणून मी पडद्याकडे पाहू लागलो. मधूनमधून तिच्याकडे पाहत होतो. ती तशीच बसलेली. एकदा पाहिलं तेव्हा दृश्य अंधारं होतं... नंतर उजेड आला तेव्हा ती नव्हती.

दिवे लागले. खुर्चीवर माझी पिशवी होती, मी ठेवली तशीच.

"मास्तर, नलिनी आली होती ना?"

"कोण? अहो, मी खुन्याला पाहू का बायकांना?" मास्तर हसत म्हणाले.

सायकल कशी चालवली ते आठवत नाही. फाटकात माणसं उभी होती. मेश्रामकाकू पायरीवर बसल्या होत्या. मला पाहून त्यांना रडू फुटलं.

"साडेचार वाजले असतीन. पाणी मांगलं तिनं. मी म्हटलं, सरांले बलावून आणते, रिक्षानं जाते. तर म्हणे, नको, आता शेवटचं रीळ असंन, उठू देत नाहीत तिथं..." काकूंनी पदर तोंडाला लावला. "मी गेली असती ना सर. तिनंच नाही जाऊ दिलं."

पुढचे दिवस मी स्वतःला समजावत काढले. मनात तिची काळजी होती, डोळ्यांसमोर सकाळचं तिचं रूप होतं, अंधारात तेच दिसलं. असंच झालं असणार. हे उत्तर मला पटत आलं होतं. पटलं असतं तर बरं झालं असतं.

दहाव्या दिवशी भीमराव भेटायला आला.

"सर, एक इचारू? त्या दिवशी ताई वर आल्या होत्या ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगन कोन? म्या पाह्यलं ना. शेवटचं रीळ लावलं अन् थोड्या वेळानं. केस मोकळे होते. मले वाटलं, इतके जिने चढल्या, दम लागला असंन. तुमच्याकडंच पाहून राहिल्या होत्या." तो खाली पाहत म्हणाला, "मी मशीनच्या बटनावर हात ठेवून उभा होतो. म्हटलं, सर उठले की बंद करतो. मास्तर वरडले तर वरडतीन."

मग त्याने मान वर केली.

"तुम्ही बी त्यायलेच पाहत होते, सर. मंग काहून नाही उठले?"

मी आत जाऊन त्याच्यासाठी पाणी आणलं. ते पिऊन तो गेला.

ती भीमरावलाही कशी दिसली, हे मला कळलेलं नाही. वाचकांपैकी कोणाला सांगता आलं तर जरूर सांगावं. पण त्याने जे विचारलं त्याचं उत्तर दुसरं कोणी देऊ शकणार नाही. लिहायला बसलो तेव्हा वाटलं होतं, इथवर येईपर्यंत ते सापडेल.