हाललं ते देवनं

नानांच्या घरात चप्पल उगारायला बंदी होती. झुरळ दिसो की कोळी, आधी त्याच्यावर फुंकर मारायची. "फुंका बाई," ते म्हणायचे. "हाललं ते देवनं, नई हाललं ते मनं." म्हणजे हललं ते देवाचं, नाही हललं ते त्यांचं.

नाना म्हणजे धरणगावच्या आमच्या शाळेचे ड्रॉइंग मास्तर आणि माझे घरमालक. ऐंशीच्या दशकात मी तिथे मास्तरीण म्हणून लागले आणि त्यांच्या मागच्या खोलीत राहायला गेले. किडामुंगीची मला लहानपणापासून भीती, आणि गाठ पडली ती नेमकी किडे रंगवणाऱ्याशी! पहिल्याच दिवशी टेबलावरच्या कागदावर गांधीलमाशी पाहून मी किंचाळले आणि चप्पल उचलली. नानांनी माझं मनगट धरलं. "आठ दिवसनं काम शे ते!" मग त्यांनीच मला पाणी आणून दिलं.

हे वेड एका छापील पानातून आलं होतं. कुठल्याशा विलायती पुस्तकातलं ते सुटं पान त्यांना जळगावला रद्दीत मिळालं होतं. चारशे वर्षांपूर्वी कुणा राजासाठी काढलेले किडे, प्रत्येक खऱ्याएवढाच, आणि प्रत्येकाच्या पायांखाली बारीक करडी सावली. नानांचा सगळा जीव त्या सावलीत. "सावली पायले चिकटेल पाहिजे," ते म्हणायचे, "नईतं किडा उडी जास."

तिसऱ्या वर्षी त्यांचे किडे उडायला लागले. सावली पायांपासून जराशी सुटून पडायची आणि मुंगळा अधांतरी दिसायचा. नाना चहाही बशीच्या बाहेर ओतू लागले. मी बोलले नाही. किड्यांची भीती मी गावभर मिरवली होती, ही मात्र गिळून टाकली. डोळे गेले तर या माणसाजवळ उरणार काय?

उन्हाळ्याच्या सुट्टीतली दुपार होती. नाना चार दिवसांपासून विंचू रंगवत होते. मी चहा घेऊन गेले, तर ते कागदावर वाकले होते. समोर विंचू. त्यांनी सवयीनं फुंकर मारली. तो हलला नाही.

"मनाच शे," म्हणत त्यांनी रंग वाळला का पाहायला बोट पुढं केलं.

माझी नजर विंचवाच्या पायांकडे गेली आणि मी ओरडले.

"नाना, तो तुमचा नाही! सावली पायांना चिकटलीय!"

बोट जागीच थांबलं. विंचू सरसर टेबलाखाली गेला. त्याच्याकडे आम्ही दोघांनीही पाहिलं नाही. नाना एखाद्या लेकरासारखं हळूच म्हणाले, "मंग मना कोठे शे?"

मी त्यांचा हात धरला आणि कागदाच्या दुसऱ्या कोपऱ्यावर नेऊन त्यांच्या विंचवावर टेकवला.

धुळ्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती. नानांनी पुन्हा ब्रश धरला नाही. माझी बदली झाली तेव्हा तो कागद त्यांनी मला दिला. आता नाना नाहीत.

कागद माझ्या भिंतीवर आहे. सावली पायांपासून गव्हाच्या दाण्याएवढी लांब. आलेगेले छान म्हणतात, दचकत कुणी नाही. मी दचकते, अजूनही. मग जवळ जाऊन फुंकर मारते. हलत नाही. नानांचाच आहे.