मालवाहू यानाच्या खिडक्या

माझ्या रंगकामाच्या टेबलावर एक वीतभर लांबीचं अंतराळयान आहे. प्लास्टिकचे सुटे भाग जोडून केलेलं, ठोकळेबाज, मालवाहू. त्याचा राखाडी रंग चांगला उतरलाय. पत्र्यांच्या सांध्यांतून मी पातळ काळा रंग सोडलाय, इंजिनाच्या तोंडाशी काजळीही धरवलीय. फक्त खिडक्या नव्हत्या. गेल्या रविवारपर्यंत दहा वर्षं ते तसंच होतं. त्यानंतर मी बरीच यानं रंगवली, पण ह्याला हात लावला नाही.

आधी मात्र खिडक्या होत्या. माझ्या मुलीने रंगवल्या होत्या. ती अकरा वर्षांची होती.

तेव्हाही मी जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गमध्ये आजच्याच कामावर होतो. गाड्यांच्या कारखान्यात, रंगविभागाच्या शेवटच्या तपासणीत. झगझगीत दिव्यांखाली गाडी येते, हातमोजे घालून तिच्यावरून हात फिरवायचा, आणि जिथे धुळीचा कण, ओघळ किंवा खरखर लागेल तिथे लाल कागदी टिकली चिकटवायची. पुढचा माणूस टिकली बघून दुरुस्त करतो. ह्या कामात कुणी कुणाला काही बोलत नाही. टिकली पुरेशी असते.

एका शनिवारी ती दुपारभर माझ्या शेजारी बसली होती. सगळ्यात बारीक ब्रश, श्वास रोखलेला. खिडक्या पिवळ्या, पण वेड्यावाकड्या. काही मोठ्या, काही टिंबाएवढ्या, आणि मधल्या कित्येक काळ्याच ठेवलेल्या.

"ह्या का सोडल्यास?" मी विचारलं.

ती जर्मनमध्ये म्हणाली, की तिथले लोक झोपलेत. सगळे एकदम कसे जागे राहतील?

एक खिडकी नारिंगी होती. "ही आपली," ती म्हणाली, ह्या वेळी मराठीत. "आईने कंदील लावलाय." दिवाळीत बायको आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत आकाशकंदील लावते. नोव्हेंबरच्या करड्या संध्याकाळी रस्त्यावरून आमचं घर लगेच ओळखू येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यान दिव्याखाली धरलं आणि माझा हात आपोआप खिशाकडे गेला. टिकल्यांचा एखादा कागद माझ्या जाकिटात असतोच. ती उठून आली तेव्हा यानाच्या एका बाजूला टिकल्याच टिकल्या होत्या.

"हे सगळं चुकलं?" तिने विचारलं.

"चुकलं नाही गं. लाईनीत नाही, एवढंच."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, ती गाडी नाहीये. कुणी विकत घेणार नाहीये ते."

एवढ्यावर मी थांबलो असतो तर आज हे लिहायला बसलो नसतो. सोमवारी माझी दुपारची पाळी होती. मुलगी शाळेत गेल्यावर मी टिकल्या काढल्या, कानात घालायच्या कापसाच्या काड्या स्पिरिटमध्ये बुडवल्या आणि सगळ्या खिडक्या पुसून टाकल्या. विचार असा, की आता पट्टी लावून दोघं मिळून सरळ काढू. मी कामावर निघायच्या आत ती परत आली, तेव्हा मात्र खरं बोलायचं धाडस झालं नाही. "वार्निशने रंग सुटला," मी म्हणालो. रंगातलं मला कळतं, म्हणून तिला ते पटेल असं मी धरून चाललो.

"अच्छा," ती म्हणाली.

पुन्हा ती त्या टेबलाशी बसली नाही. भांडली नाही, रुसली नाही. बोलावलं की अभ्यास असायचा, मग मैत्रिणी. आता ती ब्राउनश्वाइगला तांत्रिक विद्यापीठात शिकते. ट्रेनने अर्ध्या तासाचंही अंतर नाही, तरी महिन्यातून एखाद्या रविवारी येते. ती यायची असली की मी टेबलापाशी दुसरी खुर्ची ओढून ठेवतो. त्या खुर्चीवर ती बॅग ठेवते.

गेल्या रविवारी बायको खाली शेजारणीकडे गेली होती. मुलगी चहाचा मग घेऊन टेबलापाशी येऊन उभी राहिली. मी म्हणालो, "तुला एक सांगायचंय. ह्या खिडक्या वार्निशने गेल्या नव्हत्या."

"हो, हो," ती मगात बघत म्हणाली. "माहितीये."

"कधीपासून?"

"बाबा, कचरा खाली न्यायचं काम माझं होतं. पिशवीत कापसाच्या काड्या होत्या. सगळ्या पिवळ्या." मग चहाचा घोट घेऊन, "एक नारिंगी."

दहा वर्षं मी जे गुपित जपून ठेवलं होतं, ते तिने त्याच सोमवारी स्वतःच्या हाताने कचऱ्याच्या काळ्या डब्यात टाकलं होतं. मी माफी मागितली. तिने बॅग जमिनीवर ठेवली आणि खुर्चीवर बसली.

"नारिंगी आहे का?" तिने विचारलं.

मी बाटली उघडून ब्रश पुढे केला. तिने मान हलवली. "तू लाव."

आणि तेव्हा मला कळलं की ती खिडकी कुठे होती हे मला आठवत नाही. कुठली रेघ तिरकी होती, कुठे रंग ओघळला होता, ते सगळं आठवत होतं. तिने माझी वाट पाहिली नाही. मागच्या बाजूला, इंजिनाच्या जरा वर बोट टेकवलं. "इथे."

मी खिडकी काढली. चष्मा लावून, मनगट टेकवून, हळूहळू. तिने वाकून पाहिलं. मग टेबलावरच्या टिकल्यांच्या कागदावरची एक लाल टिकली सोडवून खिडकीशेजारी चिकटवली.

"फेलर," ती म्हणाली, दोषासाठीचा आमच्या कारखान्यातला जर्मन शब्द. "फार सरळ आलीये."

मी हसलो, तीही थोडं हसली. मग तिने फोनमध्ये ट्रेनची वेळ पाहिली. दारात ती बूट घालत असताना मी विचारलं, "बाकीच्या खिडक्या?"

"बघू," ती म्हणाली.

कारखान्यात दुरुस्ती झाली की टिकली काढून टाकतात. ही मी काढलेली नाही. दुसरी खुर्चीही तिने सोडली तशीच, टेबलापासून जराशी तिरकी ठेवलीय.